पाटावर बसता येईना

अर्धं भात खाचरात उभं आणि अर्ध्याचे भारे अंगणात पडलेले, अशा ऐन घाईत दत्तोबाला गांधीलमाशी चावली. चावायला तिला एवढ्या थोरल्या अंगात जागा सापडली ती नेमकी बसायची.

दोष द्यायचा तर खुर्चीला द्यायला हवा. दत्तोबा-सरुबाईचा मुलगा प्रदीप तुंगार्लीच्या एका बंगल्यावर माळीकाम करतो. मालकांनी टाकून दिलेली वेताची आरामखुर्ची त्यानं पावसाळ्याआधी टेम्पोत घालून गावी कुरवंड्याला आणली, म्हणाला, आता जरा टेकत जा दोघं. टेकायला फुरसत कुठली? लावणी झाली, बेणणी झाली, कापणी आली. खुर्ची पडवीत तशीच राहिली आणि तिच्या बैठकीखाली गांधीलमाश्यांनी बिनबोभाट संसार थाटला. आज दुपारी जेवण झाल्यावर दत्तोबा पहिल्यांदाच तिच्यात सगळा भार टाकून बसला आणि असा काही ओरडून उठला, की गोठ्यातली म्हैस दावं ताणून उभी राहिली.

सरुबाई मोरीत भांडी घासत होती. सकाळपासून वाकून वाकून तिच्या कमरेचं लाकूड झालं होतं. भांडी झाली की घटकाभर आडवं व्हायचं, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात होता. नवऱ्याची हाक ऐकून तिला काळजी वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर तिला आधी राग आला. घटकाभराचं आडवं होणं गेलं, हे तिला हाकेवरूनच कळलं.

"काय झालं?"

"दार लाव," दत्तोबा म्हणाला. एका हातानं त्यानं धोतर मागून धरलं होतं. "आधी दार लाव."

"चावलं काय?"

"गांधीलमाशी. दार लाव म्हनतो ना."

तिनं दार लावलं. दत्तोबा खाटेवर पालथा पडला आणि उशीत तोंड खुपसून "बघ" म्हणाला. सरुबाईनं चष्मा शोधला. त्याची एक काडी मोडलेली होती आणि तिथं दोरा बांधलेला होता. तो कानाला अडकवून ती वाकली, तशी कमरेत कळ आली. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचं हे अंग असं उजेडात, चष्मा लावून बघायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. बघण्यासारखं काही होतं असंही नाही. चांगला लिंबाएवढा लालभडक फुगवटा आला होता.

"काटा ऱ्हायलाय का बघ आत."

"गांधीलमाशी काटा ठिवत न्हाई. मधमाशी ठिवती."

"तू बघ तर."

तिनं बघितलं. काटा नव्हता. मग तिनं बर्फ आणला. बर्फ लावल्यावर दत्तोबा आणखीच ओरडला. कांदा कापून चोळला, तेव्हा म्हणाला चुरचुरतंय. पानाच्या डबीतला चुना लावला, तेव्हा त्यानं नुसती खाटेची कड घट्ट धरली.

कुंपणापलीकडून लीलाबाईचा आवाज आला. ती शेजारीण, आणि तिच्या नजरेतून वाडीतलं बंद दार कधी सुटलं नाही.

"अगं सरे, भरदुपारी दार लावून काय चाललंय म्हातारपनी?"

"मांजर शिरतंय घरात!" सरुबाई आतून ओरडली.

"माझ्या घरात तर कधी शिरत न्हाई," लीलाबाई म्हणाली आणि हसत हसत आपल्या कामाला गेली.

"तिला सांगू नको," दत्तोबा उशीत म्हणाला. "कुनाला सांगू नको. गावभर करतील."

हे मात्र खरं होतं. दुसऱ्या कुणाला चावली असती तर चार दिवस हसून लोक विसरले असते. पण दत्तोबा म्हणजे विंचू उतरवणारा दत्तोबा. कुरवंड्यात, आणि डोंगराच्या अंगानं पसरलेल्या साऱ्या वाड्यांत, विंचू चावला की माणूस याच दाराशी यायचा. लग्नाआधीच त्यानं एका म्हाताऱ्याकडून मंत्र घेतला होता आणि मंत्राबरोबर त्याचे नेमही. दाराशी आलेल्याला नाही म्हणायचं नाही. त्याच्याकडून पैसा घ्यायचा नाही, त्याच्या घरचा चहासुद्धा प्यायचा नाही. उंबऱ्याच्या आत ठेवलेल्या पाटावर मांडी घालून बसायचं, समोर माणूस घ्यायचा आणि कडूनिंबाचा डहाळा खांद्यापासून बोटांकडे फिरवत ओठातल्या ओठात मंत्र म्हणायचा. आणि एक भाजी जन्मभर सोडायची, ती घरात शिजवायचीसुद्धा नाही. म्हाताऱ्यानं शेवगा सोडायला सांगितला होता.

शेवग्याचं झाड अंगणातच होतं, सासऱ्यांनी लावलेलं. शेंगा लोंबायच्या, लीलाबाई यायची आणि ओटीभर घेऊन जायची. तिच्या चुलीवर आमटी उकळायला लागली की वास थेट इकडं यायचा. सरुबाईचा शेवग्यावर लहानपणापासून जीव. माहेरी बेडशाला गेली की आई आणि पुढं भावजय मुद्दाम करायची. ती पोटभर खायची आणि परत निघताना डोक्यावरून आंघोळ करून निघायची, नवऱ्याच्या मंत्राला बाधा नको म्हणून. आता माहेरी कुणी उरलं नव्हतं.

शेवग्याचं तिनं कधी बोलून दाखवलं नाही. तिला कंटाळा आला होता तो दाराचा. एवढी वर्षं ती ते दार उघडत आली होती. जेवताना उघडलं, बाळंतपणात उघडलं, सासू गेली त्या दिवशीही उघडलं. पाट मांडला, डहाळा तोडून आणला, रडणाऱ्यांना पाणी दिलं, सोबत आलेल्यांना चहा केला. मंत्र नवऱ्याचा होता, पण त्याची धुणीभांडी सगळी हिची होती. आणि बहुतेकांना बरंही वाटायचं. घटका दोन घटकांनी कळ उतरायची, माणूस पाया पडून जायचा. ती कळ मंत्रानं उतरायची की नुसती बसून राहिल्यानं, हा विचार सरुबाईच्या मनात यायचा आणि ती तो कपबशीबरोबर विसळून टाकायची.

"अवो," ती आता म्हणाली, "तुमी तुमचाच मंत्र का म्हनत न्हाई?"

"आपला आपल्याला चालत न्हाई."

"कुनी सांगितलं?"

"गुरूनं." थोड्या वेळानं तो म्हणाला, "आन् तो विंचवाचा हाय."

"कळ ती कळच की. म्हनून तर बघा. मी डहाळा फिरवते."

दत्तोबाला ते पटलं नव्हतं. पण दुखणं फार होतं. तिनं अंगणातून डहाळा आणला, दार पुन्हा लावून घेतलं आणि फिरवायला लागली. हसू येण्यासारखाच प्रकार होता, पण तिला हसायचंही त्राण नव्हतं. दत्तोबाचे ओठ हलत होते. एकदा झालं, दोनदा झालं. तो पहिल्यापासून शेवटापर्यंत म्हणत होता आणि पुन्हा सुरुवात करत होता. बराच वेळ गेला. सरुबाईचा हात भरून आला.

"उतरलं काय जरा?"

त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. तिनं डहाळा खाली ठेवला. त्याची पाठ बघून तिला एकाएकी त्याची दया आली, आणि दयेबरोबर स्वतःचीही आली, कारण एवढ्या वर्षांचं काही तरी त्या भिंतीकडे वळलेल्या तोंडात होतं आणि ते दोघांनाही कळलं होतं.

तेवढ्यात दारावर थापा पडल्या.

"आबा! दार उघडा! आबा!"

दारात लीलाबाईची सून कोमल होती, आणि तिच्या कडेवर तिची तीन वर्षांची पिंकी, हात लांब धरून किंचाळत. मागून लीलाबाई धापा टाकत आली. थोड्या वेळापूर्वीचं हसू तिच्या तोंडावर कुठंच नव्हतं.

"भाऱ्याखाली हात घातला पोरीनं," लीलाबाई म्हणाली. "इंचू. तांबडा व्हता. मी बघितला, चपलीनं मारला. दत्तोबा भाऊ कुटंय?"

"आत्या, आपन दवाखान्यात न्हेऊ," कोमल म्हणाली. हे ती वाटेत बहुतेक अनेकदा म्हणाली असावी, कारण लीलाबाईनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आधी हितं उतरवू, मग बघू. तुझ्या नवऱ्याचा हितंच उतरवला व्हता मी. जिता हाय ना?"

दत्तोबा बाहेर आला. धोतर कसंबसं नीट केलं होतं. नाही म्हणायचं नाही हा नेम. सरुबाईनं पाट मांडला, हात आपोआपच तिकडे गेले. खाटेजवळ पडलेला तोच डहाळा तिनं उचलून दिला. पिंकीला घेऊन कोमल समोर बसली.

दत्तोबा पाटावर टेकला आणि तसाच ताडकन उठला.

"काय झालं?" लीलाबाई म्हणाली.

"काय न्हाई."

तो पुन्हा हळूहळू खाली वाकला, एका अंगावर टेकला, मग दुसऱ्या अंगावर. शेवटी उकिडवा बसला. लीलाबाई डोळे विस्फारून बघत राहिली. मंत्राचा माणूस पाटावर उकिडवा बसलेला तिनं जन्मात पाहिला नव्हता. त्यानं डोळे मिटले, डहाळा पिंकीच्या खांद्याला लावला आणि त्याचे ओठ हलायला लागले. त्याच्या कपाळावर घाम होता. तो कशाचा, हे त्या घरात फक्त सरुबाईला माहीत होतं.

पिंकी रडत होती. रडता रडता तिला उलटी झाली, मग दुसरी झाली. सरुबाईनं फडकं आणलं, पोरीचं तोंड पुसलं, आणि पुसता पुसता तिचा हात जागच्या जागी थांबला. झगा पाठीला चिकटला होता, पोर घामानं नुसती भिजली होती, आणि घामाखालचं अंग गार होतं. तळहात गार होते.

असं गार अंग तिनं एकदाच पाहिलं होतं, फार वर्षांपूर्वी, याच उंबऱ्याच्या आत. खालच्या वाडीतलं पोर होतं. असंच भिजलं होतं, असंच ओकत होतं, आणि मग शांत झालं होतं. उतरलं, उतरलं म्हणत घरच्यांनी त्याला नेलं. दुसऱ्या दिवशी ते गेल्याचं कळलं. दत्तोबा म्हणाला होता, उशिरा आणलं. तो दोन दिवस जेवला नव्हता. सरुबाई तेव्हा काही बोलली नाही. बोलून काय उपयोग, असं तिला वाटलं होतं, आणि तेव्हापासून ती थकलेलीच होती.

पिंकीचं रडणं कमी झालं. मान आईच्या खांद्यावर कलली.

"उतरलं बघा!" लीलाबाईनं हात जोडले. "पोर शांत झाली."

सरुबाईनं पिंकीचा तळहात पुन्हा चाचपला.

"अवो," ती म्हणाली. मंत्र चालू असताना बोलायचं नाही, हाही एक नेम होता. "अवो, पोर गार पडलीय. त्या पोरासारखी."

कोणतं पोर, हे सांगायची गरज पडली नाही. दत्तोबानं डोळे उघडले. डहाळा हवेत तसाच राहिला. त्यानं पिंकीचा तळहात आपल्या हातात घेतला आणि सोडला. मग तो गुडघ्यावर हात टेकून उठला.

"कोमल, पोर उचल. दवाखान्यात चल."

"अजून मंत्र पुरा झाला न्हाई," लीलाबाई म्हणाली.

"मंत्र ऱ्हाऊ दे."

"असं कसं ऱ्हाऊ दे? आता कुटं उतराय लागलंय. अर्ध्यातनं उठवलं म्हंजे वर चढंल इख. तुमीच सांगता की!"

तीही खोटं बोलत नव्हती. तोच सांगत आला होता. लीलाबाईनं कोमलचा दंड धरला होता आणि सोडत नव्हती. कोमल एकदा सासूकडे, एकदा दत्तोबाकडे बघत होती. त्या क्षणी दत्तोबा नुसता गप्प राहिला असता, तरी कोमल खाली बसली असती. सरुबाईनं नवऱ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा इतका लाल तिनं कधी पाहिला नव्हता.

"लीलाबाई," दत्तोबा म्हणाला, "मला दुपारी गांधीलमाशी चावलीय."

"कुटं?"

"बसायच्या जागी. म्हनून बसता यीना. तवापासनं दार लावून मंत्र म्हनतोय. पुन्यांदा पुन्यांदा म्हनलाय. तीळभर कमी न्हाई झालं." त्याचा आवाज फुटला. "साध्या माशीचं माझं मला उतरंना. ह्या लेकराचं मी काय उतरवू? सोड तिला."

कुणीही हसलं नाही. लीलाबाईच्या हाताची पकड सैल झाली आणि कोमल पोरीला घेऊन पळत सुटली.

वाडीतल्या संदेशची जीप रस्त्यालाच होती. तो पर्यटकांना नागफणीच्या कड्याच्या वाटेपर्यंत नेण्या-आणण्याचं काम करतो. त्यानं गिऱ्हाइकांना उतरवलं आणि कोमल, लीलाबाई आत बसल्या. दत्तोबाही निघाला.

"तुमी कुटं? तुमाला बसता यीना," सरुबाई म्हणाली.

"डाक्टरला सांगाय पायजे, किती वेळ मी वाया घालवला ते," तो म्हणाला आणि मागच्या सीटवर गुडघे टेकून, तोंड मागं करून चढला. जीप वळणाआड जाईपर्यंत मागच्या काचेतून त्याचं तोंड दिसत होतं. तो हिच्याकडेच बघत होता.

मागं सरुबाईला काही सुचेना. पाट उचलावा की राहू द्यावा, हेही ठरेना. अंगणात भारे तसेच पडले होते. ते उलटून पसरायला हवे होते, पण ती नुसती ओट्यावर बसून राहिली. तिनं देवाला हात जोडले नाहीत, कारण जोडायलाही तिच्या अंगात काही उरलं नव्हतं. मोबाईल मात्र मांडीवर होता. तो वाजला तेव्हा तो उचलायचा कसा, हेच ती क्षणभर विसरली.

"मावशी, सलाईन लावलंय," संदेश म्हणाला. "गोळी दिलीय, लक्ष ठिवत्यात. डाक्टर म्हनले येळंत आनलं. अजून उशीर झाला असता तर अवघड व्हतं म्हने. आता हात गरम झालेत पोरीचे."

सरुबाई 'बरं' म्हणाली. फोन ठेवला आणि मग पदर तोंडात धरून मोठ्यानं रडली. पिंकीसाठी रडली, आणि त्या खालच्या वाडीतल्या पोरासाठीही रडली. त्याच्यासाठी ती आजवर रडली नव्हती.

दत्तोबा परत आला तेव्हा ऊन डोंगराआड गेलं होतं. डॉक्टरांनी त्यालाही एक सुई टोचली होती, ती दुसऱ्या बाजूला. आता तो दोन्हीकडून बसण्यातून गेला होता. हे त्यानं स्वतःच सांगितलं, पण हसला नाही. तांब्याभर पाणी उभ्यानं प्यायला. उंबऱ्याच्या आत पाट तसाच होता. तो पायानं बाजूला सारावा असं त्याला वाटलं असेल, पण तसं न करता तो वाकला, पाट दोन्ही हातांनी उचलला आणि माळ्यावर ठेवला. मग पडवीतली लांब आकडी घेऊन अंगणात गेला.

सरुबाईला आधी वाटलं, लांबूनच आकडी घालून खुर्चीखालचं गांधीलमाश्यांचं पोळं पाडतोय. मग शेंगा पडल्याचा आवाज आला. शेवग्याच्या शेंगा, ओंजळीत न मावणाऱ्या, त्यानं आणून तिच्यापुढं चुलीजवळ ठेवल्या.

"आमटी कर."

ती शेंगांकडे बघत राहिली. "आन् मंत्र?"

"आता कुनी आलं तर संदेशला हाक मारायची. दार मी उघडीन."

ज्याची इतकी वर्षं वाट बघितली ते असं समोर येऊन पडलं, आणि तिला आनंद व्हायला हवा होता. तिला फक्त थकवा जाणवला, पायांपासून डोक्यापर्यंत. तरी ती उठली. शेंगा सोलल्या, बोटबोटभर तुकडे केले, डाळ घोटली, आमसूल घातलं. फोडणीचा वास घरात भरला तेव्हा ती दोनदा दाराकडे बघून आली, आपलंच काही चुकतंय असं वाटून.

दत्तोबा भिंतीला टेकून उभ्यानंच जेवला. त्यानं शेंगेचा तुकडा भातासकट तोंडात टाकला आणि सालासकट चावायला लागला. तरुणपणी सोडलेली भाजी, ती खायची कशी हे तो विसरला होता.

"तशी न्हाई," सरुबाई म्हणाली. तिनं आपल्या ताटातला तुकडा घेतला, तो दोन बोटांनी उलगडला आणि गर दातानं ओढून दाखवला. चव जिभेवर आली आणि तिचे डोळे आपोआप मिटले. मिटलेले ते बराच वेळ मिटलेलेच राहिले. उघडले तेव्हा दत्तोबा घास हातात धरून तिच्याकडे बघत होता.

"तुला एवढी आवडती?"

"व्हय."

"कधी बोलली न्हाईस."

"तुमी कधी इचारलं न्हाई."

दुखणं सोसत तो हळूहळू गुडघ्यांवर खाली झाला आणि त्यानं आपल्या ताटातल्या सगळ्या शेंगा एकेक करून तिच्या ताटात वाढल्या.